माईंची विळी, मूळ रूपात

टिंग.

शनिवारची दुपार होती. माई आणि जुई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मी जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून बसले होते, आणि बाल्कनीतून तो आवाज आला. मग शांतता. मग पुन्हा, जरा खालच्या पट्टीत, टिंग.

"ऐकलंस?" नाना आत आले. माझे सासरे. हातात एक सुरी, आणि चेहऱ्यावर भाव असा, की जणू नुकतंच कुणीतरी पहिलं नातवंड हातात दिलंय. "नखाने टिचकी मारायची. स्टेनलेस नुसतं थड वाजतं. हे पोलाद आहे. साठ वर्षांपूर्वीचं. भंगारवाल्याकडून आणली तेव्हा बघायला हवी होतीस. आता मूळ रूपात आलीय."

मी बघितली होती. जुईच्या आंघोळीच्या बादलीत ती तीन दिवस व्हिनेगरमध्ये भिजत पडली होती.

"छान आहे, नाना."

"छान काय? हे बघ." त्यांनी वर्तमानपत्राचा कागद हवेत धरला आणि सुरी वरून खाली नेली. कागदाच्या दोन पट्ट्या झाल्या. मी अजून ते पान वाचलं नव्हतं.

नाना अंबडच्या एका कारखान्यातून क्वालिटी कंट्रोलचे मुख्य म्हणून निवृत्त झाले, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. नोकरीच्या अडतीस वर्षांत ते स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा गेले नव्हते. पाणीच त्यांच्याकडे जात असे. निवृत्तीनंतर त्यांना जुन्या सुऱ्यांचा शोध लागला. जुन्या नाशकातल्या भंगारवाल्यांकडून गंजलेल्या सुऱ्या आणायच्या, गंज काढायचा, पॉलिश पेपरने घासायच्या, शिसवी मुठीला जवसाचं तेल पाजायचं, आणि मग दगडावर तासन् तास धार. धार तपासायला ते डाव्या हातावरचे केस कापून बघत. वर्षभरात डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत झाला होता. लग्नाकार्यात ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालत.

त्यांच्यासारख्या सात जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, 'पोलाद परिवार' नावाचा. रोज सकाळी तिथे टोमॅटोच्या चकत्यांचे फोटो येत. चकती इतकी पातळ, की खालचा पेपर वाचता यावा. त्या चकत्यांचं आमच्याकडे सार होई, आठवड्यातून चार वेळा. सातही जणांच्या घरी स्वयंपाक बायका करत.

त्या सुऱ्या वापरायला आम्हाला बंदी नव्हती, फक्त अटी होत्या. लिंबू कापायचं नाही, काळी पडते. कैरी नाही, चिंचेचा हात नाही. कांदा चालेल, पण प्रत्येक कांद्यानंतर पुसायची.

"मग कापायचं काय?" माईंनी एकदा विचारलं होतं.

"पेपर," मी म्हणाले होते. माई इतक्या हसल्या, की नाना दोन दिवस माझ्याशी तुटक बोलले.

तर त्या शनिवारी नानांनी साठ वर्षांची सुरी फडक्यात गुंडाळली आणि त्यांची नजर ओट्याखाली गेली.

"आता घरात एकच हत्यार राहिलंय," ते म्हणाले.

ओट्याखाली माईंची विळी उभी होती. माई लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरून आणलेली. पाट सागवानी, पातं पोलादी आणि कोळशासारखं काळं. चाळीस वर्षं एकाच जागी चिरून चिरून पात्याला मधोमध खळी पडली होती. लांबून वाटावं, की कुणीतरी तिचा घास घेतलाय.

"खंडेनवमीला सगळी हत्यारं मूळ रूपात पूजेला बसवणार आहे," नाना म्हणाले. "ही अशी कशी बसवायची?"

"तिला हात लावायचा नाही."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. माई दारात उभ्या होत्या. झोपेतून उठलेल्या, एक हात चौकटीवर. माई नानांशी कधी अशा सुरात बोलत नसत. त्या वाद घालत नसत, विषय सोडून भांडी घासायला जात.

"अगं, खराब नाही करणार. सुधारणार आहे."

"मला अशीच पाहिजे."

"पातं झिजलंय मधे."

"झिजू दे."

"हा काय हट्ट?" नाना माझ्याकडे वळले. "धार धड नाही, काळी ठिक्कर पडलीय, मधे खड्डा. क्वालिटीत एक मिनिटात रिजेक्ट झाली असती."

"तुमच्या क्वालिटीत मी केव्हाच रिजेक्ट झाले असते," माई म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. बर्नरवर पातेलं ठेवताना त्यांनी आधी डाव्या हाताने बर्नर चाचपला. नानांना ते दिसलं नाही. मला दिसलं.

मला एप्रिलपासून दिसत होतं.

एप्रिलमध्ये मी पुन्हा नोकरीला लागले होते, जुई झाल्यानंतर साडेचार वर्षांनी. बियाण्यांच्या एका कंपनीत, ऑक्टोबरअखेरपर्यंत प्रोबेशनवर. निनाद, माझा नवरा, आठवड्याचे पाच दिवस पुण्याला असे. जुईला शाळेच्या रिक्षातून उतरवून घेणं, जेवू घालणं, झोपवणं, संध्याकाळपर्यंत सांभाळणं, सगळं माईंकडे. पहिल्याच महिन्यात एका सकाळी मी पाहिलं, की कपात चहा ओतताना माई कपाच्या आत बोट धरतात. चहा बोटाला लागला की थांबतात. मग पाहिलं, की भाजी चिरताना त्या विळीकडे बघतच नाहीत. खिडकीकडे बघतात आणि अंगठा त्या खळीत टेकवून भेंडी पुढे सरकवतात. भेंड्या सगळ्या सारख्या.

"माई, तुम्हाला नीट दिसत नाहीये का?" मी विचारलं होतं.

त्यांचे हात थांबले नाहीत. "कडेचं दिसत नाही. समोरचं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. डाव्याने तेवढंही नाही." मग जरा वेळाने, "माझ्या आईलाही असंच झालं होतं. भावांना कळलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हातात जपमाळ आली. स्वयंपाकघरात पुन्हा पाऊल टाकू दिलं नाही. आठ वर्षं कोपऱ्यात बसून होती बिचारी. देवाचं नाव घेत नसे, आत काय शिजतंय ते वासावरून सांगत बसे."

"डॉक्टरांकडे जाऊ या."

"जाऊ. तू आधी नोकरीत रुळ. जुईची काळजी करू नकोस, तिचं मी सगळं हाताच्या अंदाजाने करते."

त्या एवढंच म्हणाल्या. मी टिफिन उचलला, आठ पंचवीसची बस पकडली आणि दिवसभर बियाण्यांच्या उगवणशक्तीचे तक्ते भरले. मे महिन्यात म्हटलं, जूनमध्ये जाऊ. जूनमध्ये जुईची शाळा पुन्हा सुरू झाली. जुलैत माझ्या वरिष्ठ बाईंनी माझ्या रजेच्या अर्जावर भुवई वर केली. ऑक्टोबरच्या तीस तारखेला प्रोबेशन संपणार होतं. दसरा पंधराला होता.

रविवारी नाना मला बाल्कनीत गाठून म्हणाले, "ऋजुता, एक विचारू? ती एवढी का अडून बसलीय? तुला काही माहीत आहे?"

समोर जुई खाली बसून पॉलिश पेपरने आपली पेन्सिल घासत होती. आत माई कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या, मोठ्याने.

नाना माझ्याकडे बघत होते. त्यांच्या हातावर गंजाचे तपकिरी डाग होते. माणूस हास्यास्पद असला तरी प्रश्न खरा होता. तो मनापासून विचारत होता. एका वाक्याचं काम होतं.

"नाही नाना," मी म्हणाले. "सवयीची वस्तू आहे, म्हणून असेल."

"तेच ना. सवय." नाना खूश झाले. "एकदा धारेवर हात बसला की ही जुनी आठवणारसुद्धा नाही."

मग त्यांनी देवाला मधे घातलं. खंडेनवमीला हत्यार गंजकं ठेवणं म्हणजे देवीचा अपमान, असं त्यांनी सोमवारी सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं. या माणसाने आयुष्यात आरतीला टाळी कधी वेळेवर वाजवली नव्हती. पण माई तिथे हरल्या. त्यांच्या माहेरी नवमीला विळी, पाटा, कोयता, सगळं घासून, हळदकुंकू लावून पूजेला मांडत आणि त्या दिवशी त्याला हात लावत नसत. भाजी आदल्या रात्रीच चिरून ठेवायची, असा त्यांचा स्वतःचाच नियम होता. त्या नियमाने त्यांना पकडलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे, माझा आवाज जिथून येतो त्या बाजूला पाहिलं. मी डबा भरत होते.

"न्या," माई म्हणाल्या.

पुढचे दिवस आमच्याकडे न चिरता होणारं सगळं झालं. मटकीची उसळ, कढी, हाताने खुडलेला चाकवत, गोळ्यांची आमटी. नानांना पत्ताही नव्हता. ते दिवसभर बाल्कनीत होते. पात्यावरचा काळा थर त्यांनी पहिल्या दिवशी काढला. दुसऱ्या दिवशी फूटपट्टी लावून खळीची खोली मोजली: साडेचार मिलिमीटर. ती भरून काढता येत नाही, म्हणून बाकीचं पातं त्यांनी साडेचार मिलिमीटर उतरवलं. ग्राइंडरचा आवाज आला की माई देवघरात जाऊन बसत. संध्याकाळी नाना विचारत, "आज काय झालं ते सांगू का?" आणि कुणी हो म्हणायच्या आत सांगत.

नवमीला विळी पूजेला बसली. आरशासारखी चकाकत होती. झेंडूची माळ घातली होती, आणि शेजारी बारा सुऱ्या उंचीप्रमाणे. पोलाद परिवारात एकशे चार हात जोडलेले इमोजी आले. सात माणसांत एकशे चार.

दसऱ्याला निनाद घरी होता आणि जेवायला चांदवडकर काका आले होते, परिवाराचे संस्थापक. सोबत काकू. काकूंनी चपला काढता काढताच मला विचारलं, "तुमच्याकडेही टोमॅटोचं सारच आहे का?"

श्रीखंड होतं. पुऱ्या व्हायच्या होत्या. कोशिंबीर राहिली होती.

"थांबा," नाना म्हणाले. "कोशिंबिरीची काकडी हिने चिरायची. उद्घाटन."

"बायकोकडून काम करून घेण्याला उद्घाटन म्हणतात हे मला माहीत नव्हतं," काकू म्हणाल्या.

"अहो, मान आहे तो." चांदवडकर काकांनी मोबाइल काढला. "वहिनी, जरा इकडे तोंड करून बसा. उजेड घेतो."

विळी हॉलच्या मधोमध ठेवली गेली. माईंनी पदर खोचला, पाटावर गुडघा टेकवला. जुई त्यांच्या मांडीला खेटून बसली. माईंचा अंगठा पात्यावरून हळूच गेला, नेहमीची जागा शोधत. वरून खाली. पुन्हा वर. खळी नव्हती. सगळं पातं सारखं, गुळगुळीत, कुठूनही सुरू करा आणि कुठेही संपवा.

"कशी आहे?" नानांनी विचारलं.

मान जराशी वळवून माईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मी दारात श्रीखंडाचं भांडं घेऊन उभी होते. 'थांबा माई, मी चिरते' हे चार शब्द. नाही म्हटलं तरी कारण तयार होतं: पाहुणे आहेत, तुम्ही बसा, नवी साडी आहे. मी तोंड उघडलं. तेवढ्यात चांदवडकर काका म्हणाले, "ॲक्शन," आणि सगळे हसले, आणि मीही हसले.

माईंनी काकडी लावली. पहिल्या दोन चकत्या सुरेख पडल्या. नानांनी काकांकडे पाहिलं. तिसरी, चौथी. माई खिडकीकडे बघत चिरत होत्या, ताटलीत चकत्या पडत होत्या. काका मोबाइल जवळ नेत म्हणाले, "वा, आवाजसुद्धा नाही. लोण्यासारखं."

"आजी," जुई म्हणाली, "काकडी लाल झाली."

माई चिरत राहिल्या. "पिकली असेल, बाळा."

मला आधी कळलं नाही. मग दिसलं. त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या मुळापासून रक्त वाहत होतं, मनगटावरून, बांगड्यांखालून, पाटावर. ताटलीतल्या चकत्या त्यात भिजल्या होत्या. आणि माई पुढची चकती पाडत होत्या. नानांनी लावलेली धार इतकी उत्तम होती, की कापलेलं त्यांना कळलंच नाही. आणि जे कळलं नाही ते त्यांना दिसतही नव्हतं.

निनादने विळी ओढून बाजूला केली. काकूंनी आपला रुमाल बांधला. माई विचारत होत्या, "काय झालं? काय झालं सांगाल का कुणी?"

नाना जागचे हलले नाहीत. ते माईंच्या चेहऱ्यासमोर उभे होते. मग त्यांनी आपला तो केस नसलेला हात वर केला आणि माईंच्या डोळ्यांसमोर, जरा डाव्या बाजूला, हळूहळू हलवला. माई समोर बघत राहिल्या. नानांनी हात खाली घेतला.

"कधीपासून?" ते म्हणाले.

माई म्हणाल्या, "पुऱ्यांचं तेल तापलं असेल, आधी गॅस बंद करा."

अंगठ्याला सात टाके पडले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोन दिवसांनी गेलो. काचबिंदू. डावा डोळा गेल्यात जमा, उजव्याची कड गेलेली. डॉक्टर तरुण होत्या, माझ्याच वयाच्या. कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या, "जे गेलं ते परत येत नाही. आहे ते थेंबांनी राखता येईल. सहा महिने आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं."

"आमच्या लक्षातच आलं नाही," नाना म्हणाले. "चोवीस तास घरात असतो मी. मिलिमीटरमधे मोजणारा माणूस." आणि ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू तरी बिचारी दिवसभर बाहेर. तुझा काय दोष?"

डॉक्टरांनी थेंबांची वेळ सांगितली, ती मी नीट लिहून घेतली.

माईंच्या हातात जपमाळ आली नाही, हे सांगायला हवं. त्यांनी येऊ दिली नाही. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून त्या बसू लागल्या आणि नाना त्यांच्या हुकमाखाली चिरू लागले. फळी ओट्यावर, चष्मा नाकावर. आजही तेच चिरतात. बटाट्याच्या फोडी सगळ्या बारा मिलिमीटरच्या असतात आणि भाजीला सव्वा तास लागतो. "अहो, भाजी करायचीय, मापाचा गेज नाही बनवायचाय," असं माई रोज म्हणतात. कांदा चिरताना नानांच्या डोळ्यांतून पाणी येतं. ते कांद्यामुळेच येतं, असं ते सांगतात, आणि पहिल्या आठवड्यात तर त्यांनी ते वरणासाठी मिरची चिरतानाही सांगितलं. पोलाद परिवारातून ते बाहेर पडले. चांदवडकर काकूंनी मला फोन करून विचारलं, की आमच्या ह्यांना बाहेर काढायचं असेल तर काय कापून घ्यावं लागेल.

माईंनी मला कधी काही विचारलं नाही. ना तेव्हा, ना नंतर. उलट एकदा नाना पुन्हा म्हणाले, की कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही, तेव्हा माईच म्हणाल्या, "मी कुणाला कळू दिलं तर ना." आणि खुर्चीवरून, माझ्या बाजूला न बघता, मला मेथी निवडायला दिली.

माझं प्रोबेशन संपायला चार दिवस होते. सकाळी आठ वाजले होते, जुईची शाळेची रिक्षा सव्वाआठला यायची. मी तिची वेणी घालत होते. तिच्या केसांत रोज गुंता होतो आणि ती रोज ओरडते. त्या दिवशी ओरडली नाही.

"आई, मी आजीचं एक सीक्रेट ठेवलं होतं."

"कुठलं गं?"

"तिला दिसत नाही ते. मला माहीत होतं. रिक्षातून उतरल्यावर मीच तिला रस्ता क्रॉस करायला लावायचे. गाडी नाही असं मी सांगितलं की मग आम्ही जायचो."

माझ्या हातातली वेणी सुटली. ती मी पुन्हा वर घेतली. शाळेच्या प्रत्येक दिवशी, एप्रिल ते ऑक्टोबर. आमच्या दारासमोरून कॉलेज रोडची सगळी वाहनं जातात.

"मी कुणालाच नाही सांगितलं," जुई म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "आजीने मला शपथ घातली होती. आईची शपथ. सांगितलं तर तू मरशील म्हणून मी नाही सांगितलं. पण मग तिला लागलं."

"तुझी काही चूक नाही, बाळा. तू लहान आहेस."

"हो." तिने नाक पुसलं. आरशात ती माझ्याकडे बघत होती. "तुला पण माहीत होतं ना? तू तिच्या चहाकडे बघायचीस, मी बघितलंय."

मी रिबीन शोधू लागले. ती माझ्या खांद्यावरच होती.

"आई," जुई म्हणाली, "तुला आजीने कुणाची शपथ घातली होती?"